हॅमॉक कॅम्पिंगचा व्यवसाय करायचाय? आधी स्लीपिंग बॅगचं गणित समजून घ्या!



दिवाळी संपली की आपल्याकडे प्रश्नांची एक ठरलेली लाट येते. "सर, आमचं शेत भंडारदऱ्याजवळ आहे, कॅम्पिंग सुरू करू का?" "पवना धरणाच्या बाजूला मामाची जागा आहे, तंबू घेऊ का?" आणि गेल्या काही हंगामांत त्यात नवी भर पडली आहे, "सर, हॅमॉक टाकू का? फोटो फार छान येतात!"

फोटो छान येतात हे खरंच आहे. दोन झाडांमध्ये रंगीत झोळी, मागे धरणाचं पाणी, हातात चहा. पण तुमचा ग्राहक तुमच्याकडे फोटोसाठी अर्धा तास येत नाही, तो रात्रभर राहतो. पहाटे साडेचारला तो कुडकुडत उठून गाडीत जाऊन बसला, तर सकाळी तो तुमच्या जागेबद्दल काय लिहिणार हे मी सांगायला नको.

म्हणून आज आपण फक्त एकाच वस्तूबद्दल बोलणार आहोत: स्लीपिंग बॅग. हिवाळ्यात हॅमॉकमध्ये झोपणाऱ्या माणसाला पुरेशी उबदार बॅग कशी निवडायची, ती किती घ्यायची, आणि त्यात पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत. वही-पेन घेऊन बसा.

१. हॅमॉकमध्ये थंडी खालून वाजते

हा मुद्दा समजला तर अर्धं काम झालं.

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. उष्णता आपल्या शरीराची असते, बॅग फक्त ती अडवून धरते. आणि ती अडवते बॅगेच्या आत फुगलेल्या कापसासारख्या भरावात साठलेली हवा. भराव जितका फुललेला, तितकी ऊब जास्त.

आता हॅमॉकमध्ये काय होतं बघा. तुम्ही बॅगेत शिरून आडवे झालात की पाठीखालचा भराव तुमच्या वजनाने दबून चपटा होतो. फुगवटा गेला की हवा गेली, आणि हवा गेली की ऊब गेली. जमिनीवरच्या तंबूतही हे होतंच, पण तिथे खाली मॅट असते आणि वारा नसतो. हॅमॉकच्या खालून मात्र रात्रभर वारा वाहतो आणि पाठ, कंबर, मांड्या यांची उष्णता ओढून नेतो. त्यामुळे महागडी बॅग असूनही माणूस म्हणतो, "पोटावर घाम येतोय आणि पाठ गार पडली आहे!"

आपल्या आज्यांना हे माहीत होतं. बाळाला झोळीत टाकताना आधी खाली गोधडी घालतात आणि मगच वर दुपटं पांघरतात. नुसतं वरून पांघरूण घालून बाळाला झोळीत कोणी ठेवत नाही. तुमचा ग्राहक म्हणजे सत्तर किलोचं बाळ आहे असं समजा आणि हाच नियम लावा.

म्हणजे खरेदीची यादी करताना "स्लीपिंग बॅग" अशी एक ओळ लिहू नका. दोन ओळी लिहा: वरची ऊब आणि खालची ऊब.

२. लेबलवरचे तीन आकडे वाचायला शिका

बॅगेवर "५ डिग्री" लिहिलेलं दिसलं की दुकानदार म्हणतो, "घ्या साहेब, पाच डिग्रीची आहे." इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. कारण पाच डिग्री म्हणजे नेमकं कुठलं पाच डिग्री?

चांगल्या कंपन्यांच्या बॅगा एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेल्या असतात. आधी युरोपचं ईएन १३५३७ होतं, २०१६ पासून त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आलं. यात तापमापक बसवलेला पुतळा बॅगेत झोपवून चाचणी करतात आणि त्यातून आकडे काढतात. आपल्या कामाचे तीन:

- कम्फर्ट: या तापमानाला सर्वसाधारण स्त्री सैलसर, आरामात झोपू शकते.
- लिमिट: या तापमानाला सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, पण रात्र झोपून काढू शकतो.
- एक्स्ट्रीम: हा झोपेचा आकडा नाहीच. इथे प्रश्न जीव वाचण्याचा असतो, तेही काही तासांपुरता.

पॅकेटवर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय ते नीट बघा. तो एक्स्ट्रीमचा असेल तर ती बॅग तुमच्या कामाची नाही. भाड्याने द्यायच्या बॅगेसाठी फक्त कम्फर्टचा आकडा धरा. तुमच्याकडे कुटुंबं येणार, मुली येणार, पन्नाशीचे काका येणार. त्यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर झोपणार. अंग आखडून रात्र काढण्यासाठी कोणी तुम्हाला पैसे देत नाही.

आणखी एक गोष्ट. ही चाचणी करताना पुतळ्याखाली उष्णतारोधक मॅट असते आणि त्याच्या अंगात आतले कपडे असतात. म्हणजे लेबलवरचा आकडा "खाली मॅट आहे" असं गृहीत धरूनच आलेला आहे. हॅमॉकमध्ये खाली काहीच नसेल, तर तो आकडा तुम्हाला लागू होतच नाही.

लेबलवर असं काहीच नसेल, नुसतं "विंटर बॅग, सुपर वॉर्म" असेल, तर घाऊक दर कितीही आकर्षक असला तरी आधी एकच बॅग घ्या. त्यात स्वतः झोपा. मग ठरवा.

३. तुमच्या जागेचं तापमान तुम्हीच मोजा

"आमच्याकडे थंडी पडते" हे वाक्य व्यवसायात चालत नाही. आकडा लागतो.

मोबाइलवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा जवळच्या शहराचं किंवा मोठ्या परिसराचं असतं. तुमची जागा त्यापेक्षा उंचावर असेल तर ढोबळमानाने दर हजार मीटरला सहा-साडेसहा डिग्री फरक पडतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर. म्हणजे नुसत्या उंचीने सात डिग्रीच्या आसपास फरक.

पण रात्री गंमत वेगळीच असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खाली दरीत आणि तळ्याकाठी साठते. म्हणून कधी कधी टेकडीच्या अंगावर जितकं गार नसतं, तितकं खाली पाण्याजवळ असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात एखाद्या हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या तुम्ही वाचल्या असतील. गावात तेवढी थंडी नसते, पण खोलगट जागेत पारा घसरतो.

त्यामुळे उपाय एकच. किमान आणि कमाल तापमान नोंदवणारा एक साधा तापमापक घ्या. जिथे हॅमॉक बांधणार, तिथेच, हॅमॉकच्या उंचीला टांगा. १५ नोव्हेंबरपासून रोज सकाळी किमान आकडा वहीत लिहा. सगळ्यात थंड वेळ साधारण सूर्य उगवायच्या सुमाराची असते, तेव्हा झोपायच्या आधी पाहिलेला आकडा लिहू नका.

मग सूत्र सोपं आहे. तुमच्या वहीतला सगळ्यात कमी आकडा घ्या, त्यातून पाच वजा करा. जे येईल त्या कम्फर्टची बॅग घ्या. किमान १० डिग्री नोंद झाली, तर कम्फर्ट ५ ची बॅग. किमान ६ झाली, तर कम्फर्ट १ च्या जवळपासची. हे पाच डिग्री कशासाठी? वाऱ्यासाठी, दवासाठी, आणि थकून, कमी जेवून झोपलेल्या माणसासाठी. मोकळ्या पठारावर वारा जास्त असेल तर आणखी थोडं जास्त धरा.

४. डाउन की सिंथेटिक?

डाउन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं. वजनाला हलकं, दाबलं तर छोटं होतं, ऊब भरपूर. पाठीवर सगळं सामान घेऊन हिमालयात चालणाऱ्याला हे परवडतं.

आपलं गणित वेगळं आहे. आपण बॅग भाड्याने देणार, ती तंबूजवळ पडून राहणार, तिला वजन वाहायचं नाही. सह्याद्रीत हिवाळ्यात दव जोरदार पडतं, आणि डाउन ओलं झालं की त्याचा फुगवटा बसतो. धुवायला खास काळजी लागते, वाळायला वेळ लागतो. एका ग्राहकाने रात्री बॅगेत चहा सांडला की दुसऱ्या दिवसाचं बुकिंग अडकलं!

म्हणून सुरुवातीला सिंथेटिकच घ्या. ओलसर झाली तरी बरीच ऊब टिकवते, धुवायला सोपी, किंमत कमी. थोडी जाड आणि बोजड असते, पण आपल्याला त्याचं काही नाही.

आकार निवडताना दोन गोष्टी बघा. एक, चेन पूर्ण लांबीची आणि दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. हॅमॉकमध्ये बसून अरुंद बॅगेत पाय घालणं म्हणजे नवख्या माणसासाठी कसरत असते. पूर्ण उघडणारी बॅग असेल तर पायाकडचा भाग तेवढा बंद ठेवायचा आणि बाकीची बॅग रजईसारखी अंगावर ओढायची. नाही तरी खालचा भाग दबूनच जाणार आहे, मग तो वर पांघरलेला काय वाईट? दोन, डोक्याला टोपी असलेली बॅग असेल तर उत्तम. नसेल तर कानटोपी आणायला ग्राहकाला आधीच सांगा.

५. खालची ऊब: इथे तुमचा दुसरा व्यवसाय लपलाय

खालून ऊब देण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, फोमची मॅट. बंद छिद्रांच्या फोमची मॅट हॅमॉकमध्ये पाठीखाली घालायची. स्वस्त आणि टिकाऊ. अडचण अशी की ती झोपेत सरकते आणि खांद्यांच्या बाजू उघड्या पडतात, कारण हॅमॉक खांद्याला दोन्हीकडून घेरतो. दुहेरी कापडाचा हॅमॉक घेतलात तर मॅट दोन थरांच्या मध्ये घालता येते, मग सरकत नाही. मॅट जरा रुंदच घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे अंडरक्विल्ट. ही हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगलेली रजई. ती बाहेर असल्यामुळे तुमच्या वजनाने दबत नाही, भराव फुललेला राहतो. झोप सगळ्यात छान यातच लागते.

तयार अंडरक्विल्ट महाग पडते. पण जरा विचार करा, ही शेवटी रजईच आहे ना? आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायका गावोगाव आहेत, महिला बचत गट आहेत. साधारण १९० बाय ११० सेंटिमीटरची रजई, दोन्ही बाजूंना वारा अडवणारं घट्ट विणीचं नायलॉन कापड, आत पॉलिएस्टरचा फुगीर भराव. लांबीच्या दोन्ही कडांना नेफा, त्यात दोरी, आणि चारही कोपऱ्यांना ताणली जाणारी इलॅस्टिकची दोरी. झालं.

फक्त शिवणाऱ्या ताईंना एक गोष्ट समजावून सांगा. गोधडीला आपण जवळजवळ धावदोरा घालतो, त्याने ती टिकाऊ होते पण चपटीही होते. इथे तसं नको. भराव सरकणार नाही इतपतच, लांब अंतरावर टाके घाला. जिथे टाका तिथे भराव दबतो, आणि तिथूनच गारवा आत येतो.

बांधताना ती हॅमॉकच्या कापडाला अलगद टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर वारा शिरतो, फार ताणली तर भराव दबतो. ग्राहक आत झोपला की खालून हात घालून तपासा.

आधी एक नमुना शिवून घ्या, त्यात स्वतः झोपा, मग दहा सांगा. जमलं तर पुढच्या हंगामात शेजारच्या कॅम्पवाल्यांनाही विकता येतील!

६. आता पैशाचं बोलू

खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या भागातले दर टाकून हेच गणित पुन्हा मांडा.

समजा एका सेटचा खर्च असा आहे:

- हॅमॉक आणि पट्टे: १,५०० रुपये
- स्लीपिंग बॅग: ३,००० रुपये
- खालची मॅट किंवा अंडरक्विल्ट: ९०० रुपये
- वरचं ताडपत्रीसारखं छत: १,००० रुपये
- बॅगेच्या आत घालायचे दोन सुती अस्तर: ६०० रुपये

एकूण ७,००० रुपये. सात सेट घेतले तर ४९,००० रुपये. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असतं, म्हणजे सुरुवात त्यात बसते.

हंगाम १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, म्हणजे १५ आठवडे. शुक्रवार-शनिवार धरले तर ३० रात्री. निम्मे सेट भरले असं धरा: १०५ सेट-रात्री. भाडं ३५० रुपये, त्यातून धुलाई, दुरुस्ती, चहापाणी मिळून ७० रुपये गेले, हातात राहिले २८०. म्हणजे हंगामात २९,४०० रुपये.

पहिल्याच हंगामात भांडवल सुटत नाही, हे स्पष्ट दिसतंय. दुसऱ्या हंगामात सुटतं, तेही व्याज बाजूला ठेवून. त्यामुळे "दोन महिन्यांत पैसे डबल" असं कोणी सांगत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

आता मोह कुठे होतो? ३,००० च्या बॅगेऐवजी १,२०० ची घेतली तर सात बॅगांत १२,६०० रुपये वाचतात. वाटतं, काय हुशारी केली! पण लोक गारठले, चर्चा झाली, आणि निम्म्याऐवजी तीसच टक्के सेट भरले तर? ६३ सेट-रात्री, १७,६४० रुपये. म्हणजे एका हंगामात ११,७६० रुपये कमी. जे वाचवलं ते जवळपास सगळं पहिल्याच हंगामात गेलं, आणि नाव गेलं ते वेगळंच.

पैसे वाचवायचेच असतील तर सेटची संख्या कमी करा. सातऐवजी चार घ्या, पण चारही उबदार घ्या.

७. बॅग दोन-तीन हंगाम टिकवायची असेल तर

- प्रत्येक ग्राहकाला धुतलेलं सुती अस्तर द्या. बॅग वारंवार धुवावी लागत नाही, अस्तर धुतलं की काम होतं. वारंवार धुण्याने भराव बसतो.
- हंगाम संपला की बॅग छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा किंवा कोरड्या खोलीत टांगा. चार महिने दाबून ठेवलेली बॅग पुन्हा पूर्ण फुलत नाही.
- रोज सकाळी उलटी करून वाळवा. रात्रीचा घाम आणि दव आतच राहिलं तर दुसऱ्या रात्री तीच बॅग गार लागते.
- प्रत्येक बॅगेला नंबर द्या. कोणती किती रात्री वापरली, कोणाची काय तक्रार आली, वहीत लिहा. अनामत रक्कम घ्या आणि परत करताना बॅग उघडून तपासा.

८. ग्राहकाला झोपायच्या आधी पाच मिनिटं द्या

उत्तम सामान देऊनही ग्राहक गारठू शकतो, कारण त्याला वापरता येत नाही. म्हणून रोज रात्री हे सांगायचंच:

तिरकं झोपा, पाठ सरळ राहते. ओले मोजे बदला. नीट जेवा. झोपायच्या आधी लघवीला जाऊन या. गरम पाण्याची झाकण घट्ट लावलेली बाटली कापडात गुंडाळून पायाशी घ्या. तोंड बॅगेच्या आत घालून श्वास घेऊ नका, वाफेने बॅग आतून ओलसर होते.

वरचं छत वाऱ्याच्या बाजूने खाली ओढून बांधा. हॅमॉक बसताना खुर्चीच्या उंचीवर असावा. झाड जिवंत आणि भक्कम हवं, पट्टा रुंद हवा म्हणजे साल कापत नाही.

आणि दोन गोष्टींवर कुठलीही सूट नाही. शेकोटी हॅमॉकपासून लांब, कारण एक ठिणगी उडाली तरी नायलॉन वितळतं. आणि पेटलेली शेगडी बंद तंबूत किंवा खाली ओढलेल्या छताच्या आत कधीही नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

ज्यांना कंबरेचा त्रास आहे, गरोदर महिला, अगदी लहान मुलं, यांच्यासाठी एक-दोन तंबू तयार ठेवा. जास्तीच्या दोन बॅगा किंवा चांगल्या घोंगड्या राखीव असू द्या. रात्री दोनला कोणी "दादा, थंडी वाजतेय" म्हणत आलं, तर तुमच्याकडे द्यायला काहीतरी पाहिजे.

जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय एकही दोरी बांधू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे आहेत. स्वतःच्या शेतात करत असाल तरी ग्रामपंचायत आणि पर्यटन विभागाचे नियम आधी विचारून घ्या.

तुमचं या आठवड्याचं काम

बॅगा घ्यायला लगेच धावू नका. या आठवड्यात तीनच कामं करा. तापमापक टांगा आणि रोजचा किमान आकडा लिहायला सुरुवात करा. एक चांगली बॅग आणि एक मॅट आणा. आणि दोन रात्री स्वतः हॅमॉकमध्ये झोपा: एक रात्र मॅट घालून, आणि दुसऱ्या रात्री मॅट काढून बघा. थंडी फार वाजली तर सरळ घरात जा, हट्ट करू नका, पण किती वाजता उठलात ते लिहून ठेवा.

मॅटशिवायची ती एक रात्र तुम्हाला जे शिकवेल, ते माझ्या दहा व्हिडिओंतून कळणार नाही. मग ग्राहकाने विचारलं, "दादा, रात्री थंडी वाजेल का हो?" तर तुम्ही वही उघडून आकडा दाखवाल.

कामाला लागा. शुभेच्छा!